ऑनलाइन विक्रेत्याचा खरा पत्ता: तो कोठे शोधावा, कसा जपून ठेवावा आणि न दिल्यास कोणाकडे जावे

फवारणीचा बॅटरी पंप, रोही आणि रानडुकरांपासून वावर राखणारे सौर झटका मशीन, विहिरीवरच्या मोटरचा मोबाइलवरून चालणारा स्टार्टर, मुलांची स्पर्धा परीक्षेची पुस्तके, यांपैकी बरेच काही विदर्भातील खेड्यांत आता कुरिअरने येते. तालुक्याच्या दुकानातून आणलेली वस्तू बिघडली, तर बाजाराच्या दिवशी ती पिशवीत घालून दुकानदारापुढे ठेवता येते. दुकान कोठे आहे, मालक कोण आणि तो कोणत्या गावचा, हे सारे ठाऊक असते. मोबाइलवरच्या दुकानाशी अशी कोणतीही ओळख नसते. ती उणीव भरून निघावी म्हणून कायद्याने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांवर एक बंधन घातले आहे: आपण कोण आहोत, आपले कार्यालय कोठे आहे आणि ग्राहकाने तक्रार कोणाकडे करायची, हे त्यांनी उघडपणे सांगितलेच पाहिजे. हे बंधन नेमके काय आहे आणि सामान्य ग्राहकाने त्याचा उपयोग कसा करून घ्यावा, हे पहिल्यांदाच ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. संपर्क म्हटला की आपण फोन नंबर शोधतो. पण नंबर उद्या बंद पडू शकतो, आणि बंद पडलेल्या नंबरवर कोणतीही नोटीस बजावता येत नाही. प्रकरण पुढे ग्राहक आयोगापर्यंत गेले, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे नाव आणि टपालाचा पत्ता तक्रारीत लिहावाच लागतो. म्हणून विक्रेत्याचे कायदेशीर नाव आणि पत्ता यांना फोन नंबरपेक्षा अधिक मोल आहे, आणि ते मिळवण्याची वेळ पैसे देण्यापूर्वीची आहे, वस्तू बिघडल्यानंतरची नव्हे.

कायद्याने घातलेले बंधन

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० जारी केले. या नियमांपैकी चौथा नियम आपल्या कामाचा आहे. ऑनलाइन विक्रीचा मंच चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा आणि सर्व शाखांचा पत्ता, संकेतस्थळाचा तपशील, तसेच ग्राहक सेवा विभागाचा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल व दूरध्वनी क्रमांक आपल्या मंचावर सहज दिसेल अशा ठिकाणी द्यावा, असे हा नियम सांगतो. तक्रार निवारण अधिकारी नुसता नेमून भागत नाही. त्याचे नाव, हुद्दा आणि संपर्काचा तपशीलही प्रसिद्ध करावा लागतो. ग्राहकाची तक्रार आल्यापासून ४८ तासांच्या आत ती मिळाल्याची पोच देणे आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण करणे, ही या अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. ४८ तास आणि एक महिना, या दोन मुदती कागदावर लिहून ठेवाव्यात, कारण पुढची सगळी पावले त्यांवरच मोजायची आहेत.

पाचवा नियम अनेक विक्रेत्यांना एकत्र आणणाऱ्या मोठ्या मंचांसाठी आहे. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या मंचांवर आपण वस्तू घेतो, तेव्हा बहुतेक वेळा ती विकणारा कोणी वेगळाच व्यापारी असतो. अशा मंचाने त्या व्यापाऱ्याच्या व्यवसायाचे नाव, तो नोंदणीकृत आहे की नाही, त्याचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक ग्राहकाला दिसेल असा ठेवला पाहिजे. याच नियमात आणखी एक तरतूद आहे, जिचा वापर फार थोडे लोक करतात: खरेदी झाल्यानंतर ग्राहकाने लेखी मागणी केली, तर मंचाने त्या विक्रेत्याच्या मुख्यालयाचा व शाखांचा पत्ता, संकेतस्थळ, ई-मेल आणि वाद मिटवण्यासाठी संपर्क साधायला लागणारी इतर माहिती ग्राहकाला दिली पाहिजे. ‘विक्रेत्याची माहिती गोपनीय आहे’ असे ग्राहक सेवेतील व्यक्तीने फोनवर सांगितले, तर ते उत्तर नियमाला धरून नाही, हे समजून शांतपणे लेखी मागणी करावी.

सहावा नियम खुद्द विक्रेत्यावर बंधन घालतो. त्यानेही तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क क्रमांक द्यायचा असतो. वस्तू परदेशातून आलेली असेल तर आयातदाराचे नाव आणि तपशीलही द्यायचा असतो. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली, तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

याखेरीज कंपनी कायद्याखालील २०१४ च्या नियमांनुसार, संकेतस्थळावरून ऑनलाइन व्यवसाय करणाऱ्या कंपनीने आपले नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनी ओळख क्रमांक, दूरध्वनी, ई-मेल आणि शंका किंवा तक्रारीसाठी भेटावयाच्या व्यक्तीचे नाव संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर द्यायचे असते. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार बंद पाकिटावर किंवा खोक्यावर ग्राहक तक्रारीसाठीचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल छापणे बंधनकारक आहे. म्हणजे एकच माहिती मंचावर, कंपनीच्या संकेतस्थळावर आणि खोक्यावर अशा तीन जागी मिळायला हवी. तिन्ही जागी पत्ता एकच असेल तर विक्रेत्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो. तो तिन्ही जागी वेगळा असेल तर खरेदीचा विचार पुन्हा करावा.

हे नियम कोणाला लागू होत नाहीत, तेही सांगितले पाहिजे. एखाद्या कास्तकाराने आपली जुनी मोटरसायकल किंवा वापरलेला पंप एखाद्या ॲपवर जाहिरात देऊन विकला, तर तो त्याचा नियमित व्यवसाय नसल्यामुळे ई-कॉमर्स नियम त्याला लागू होत नाहीत. अशी खरेदी करताना माणूस आणि वस्तू प्रत्यक्ष पाहूनच पैसे द्यावेत.

पहिली पायरी: पैसे देण्यापूर्वीची तपासणी

वस्तूचे पान उघडल्यावर किमतीच्या खाली किंवा शेजारी विक्रेत्याचे नाव दिलेले असते. त्या नावावर बोट ठेवले की विक्रेत्याची माहिती उघडते. मंचाचा स्वतःचा तपशील पाहायचा असेल तर पानाच्या अगदी तळाशी जावे लागते. तेथे ‘संपर्क’, ‘आमच्याविषयी’, ‘तक्रार निवारण’ किंवा ‘वापराच्या अटी’ अशा नावांचे दुवे बारीक अक्षरात असतात. ठळकपणे दाखवायची माहिती अनेक कंपन्या तळघरात ठेवतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पण पाच मिनिटे खर्चून ती सापडत असेल तर खर्चावीत. मोबाइलच्या ॲपमध्ये हे दुवे सापडले नाहीत, तर तेच संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडून तळाशी पाहावे. तेथे ते बहुधा सापडतात.

माहिती मिळाल्यावर ती खरी आहे का, हे पाहण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला जीएसटी क्रमांकाचा. हा क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात. महाराष्ट्रासाठी ते २७ आहेत. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय असून तेथे हा क्रमांक टाकल्यास व्यवसायाचे कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे कळते. पत्ता नागपूरचा सांगणाऱ्या दुकानाने दिलेला क्रमांक २७ ने सुरू होत नसेल, तर त्याविषयी विचारणा केल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरा मार्ग कंपनी ओळख क्रमांकाचा. हा २१ अक्षर-अंकांचा असतो, त्यात राज्याची दोन अक्षरे आणि स्थापनेचे वर्ष दडलेले असते, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यावरून कंपनीची नोंद शोधता येते. ‘तीस वर्षांची विश्वासार्ह परंपरा’ अशी जाहिरात करणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात गेल्याच वर्षाचा आकडा दिसला, तर जाहिरातीवर कितपत विसंबायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. खाण्याच्या पदार्थांसाठी अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक पाहावा.

प्रत्येक छोट्या व्यावसायिकाकडे हे सगळे क्रमांक असतीलच असे नाही. जीएसटीची नोंदणी प्रत्येकालाच लागते असे नाही आणि प्रत्येक व्यवसाय कंपनी नसतो. क्रमांक नाही म्हणून विक्रेता लबाड ठरत नाही. परंतु नाव आणि टपालाचा पत्ता मात्र प्रत्येकाकडे असतोच, आणि तो द्यायला जो तयार नाही त्याला आगाऊ पैसे देऊ नयेत. हाच निकष समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींना लावावा. झटका मशीन निम्म्या किमतीत देतो म्हणून आकर्षक चित्रफीत दाखवणारा आणि संपर्क म्हणून फक्त व्हॉट्सॲपचा नंबर देणारा विक्रेता हंगामाच्या तोंडावर हमखास दिसू लागतो. त्याला नाव, पूर्ण पत्ता आणि पक्के बिल मिळेल का, एवढेच लेखी विचारावे. उत्तर टाळले गेले तर व्यवहार तेथेच थांबवावा.

दुसरी पायरी: खरेदीच्या दिवशीच नोंद

मंचावरची माहिती बदलू शकते, वस्तूचे पान नाहीसे होऊ शकते, विक्रेत्याचे खाते बंद होऊ शकते. म्हणून ऑर्डर देताच वस्तूचे पान, किंमत, परत घेण्याच्या अटी, विक्रेत्याचे नाव व पत्ता आणि ऑर्डर क्रमांक यांची स्क्रीनचित्रे घ्यावीत. मोबाइलमध्ये फोटोंच्या गर्दीत ही चित्रे हरवतात. त्यापेक्षा ती घरातील दुसऱ्या एखाद्याच्या मोबाइलवर पाठवून ठेवावीत, आणि ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम व विक्रेत्याचे नाव जमाखर्चाच्या वहीत लिहावे. बिल बहुतेक वेळा खोक्यात नसते, ते ॲपमधून उतरवून घ्यावे लागते. या बिलाकडे दुर्लक्ष करू नये: जीएसटीच्या बिलावर पुरवठादाराचे नाव, पत्ता आणि क्रमांक असावाच लागतो, त्यामुळे विक्रेत्याचा पत्ता मिळण्याची ती सर्वांत खात्रीची जागा आहे. खोक्यावर चिकटवलेल्या कुरिअरच्या चिठ्ठीवरचा पत्ता मात्र अनेकदा गोदामाचा असतो. त्यावर पत्र पाठवले तर ते योग्य माणसाच्या हाती पडेल याची खात्री नाही. तरीही चिठ्ठी फाडून फेकू नये, तिचे छायाचित्र घ्यावे.

खोके उघडताना सलग चित्रीकरण करावे आणि त्यात खोक्यावरची ग्राहक तक्रारीची माहिती वाचता येईल अशी दिसावी. बियाण्याच्या आणि औषधाच्या बाबतीत रिकामी पिशवी, टॅग आणि बिल हंगाम संपेपर्यंत जपावे. कास्तकार हा ग्राहक आहे की नाही, असा प्रश्न बियाणे कंपन्या पूर्वी उपस्थित करीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच आहे असे स्पष्ट केले, आणि पेरणीसाठी घेतलेल्या बियाण्यातून तपासणीसाठी नमुना बाजूला काढून ठेवावा अशी अपेक्षा शेतकऱ्याकडून करता येत नाही, असेही म्हटले.

तिसरी पायरी: योग्य नंबर, योग्य माणूस

तक्रार करण्याची वेळ आली की बहुतेक जण गूगलवर कंपनीचे नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असे शोधतात. हे करू नये. तेथे मिळणारे काही नंबर ठगांनी टाकलेले असतात. फोन लागताच पलीकडचा माणूस गोड बोलतो, पैसे परत करण्यासाठी एखादे ॲप उतरवायला सांगतो, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन मागतो आणि खाते रिकामे करतो. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. नंबर नेहमी कंपनीच्या ॲपमधून, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, बिलावरून किंवा खोक्यावरूनच घ्यावा. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावे. येथे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणे महागात पडते.

ग्राहक सेवेचा फोन आणि चॅटवरचा यंत्रमानव यांच्यापाशी पहिला प्रयत्न करायला हरकत नाही, साधी प्रकरणे तेथेच सुटतात. पण तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. मंचाने प्रत्येक तक्रारीला क्रमांक देऊन तिची स्थिती ग्राहकाला पाहता येईल अशी सोय करायची असते. दोन-तीन दिवसांत उत्तर आले नाही किंवा ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे’ असा कोरडा संदेश आला, तर त्याच खिडकीवर पुन्हा पुन्हा डोके न आपटता थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे.

चौथी पायरी: तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र

पत्र मराठीत लिहिले तरी चालते, पण परराज्यातील कंपनीसाठी सोबत इंग्रजी किंवा हिंदी मजकूर असल्यास कामाचा वेग वाढतो. तो लिहून देण्यासाठी गावातील शिकत्या मुलांची किंवा आपले सरकार सेवा केंद्राची मदत घ्यावी. पत्र भावनेच्या भरात लिहू नये. राग रास्त असला तरी तो आयोगापुढे पुरावा ठरत नाही. तारखा आणि क्रमांक ठरतात. नमुना असा:

‘महोदय, मी दिनांक … रोजी आपल्या मंचावरून ऑर्डर क्रमांक … अन्वये … ही वस्तू रु. … देऊन विकत घेतली. ती दिनांक … रोजी मिळाली. वस्तूत पुढील दोष आढळला: … याबाबत ग्राहक सेवेकडे दिनांक … रोजी तक्रार क्रमांक … नोंदवला असून अद्याप निवारण झालेले नाही. कृपया वस्तू बदलून द्यावी अथवा पूर्ण रक्कम परत करावी. तसेच ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ५ अन्वये विक्रेत्याच्या मुख्यालयाचा व शाखांचा पत्ता, संकेतस्थळ आणि ई-मेल मला लेखी कळवावा. या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. सोबत बिल, छायाचित्रे आणि स्क्रीनचित्रे जोडली आहेत.’

शेवटी आपले नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि तारीख लिहावी. बँक खात्याचा तपशील मागितल्याशिवाय देऊ नये आणि पिन वा ओटीपी तर मागितला तरी देऊ नये. हे पत्र ई-मेलने पाठवावे आणि रक्कम मोठी असेल तर त्याची छापील प्रत मुख्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. पाकीट ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा मारून परत आले, तर ते न उघडता तसेच ठेवावे. मंचावर दिलेला पत्ता खोटा होता याचा तो भक्कम पुरावा असतो.

पाचवी पायरी: १९१५

४८ तासांत पोच आली नाही, महिना उलटूनही काही झाले नाही, किंवा मंचावर संपर्काचा तपशीलच सापडत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतून बोलता येते. तक्रार हेल्पलाइनच्या संकेतस्थळावरून, तिच्या ॲपवरून किंवा उमंग ॲपवरूनही नोंदवता येते. आपले नाव, कंपनीचे नाव, व्यवहाराची तारीख, रक्कम आणि आधीचा तक्रार क्रमांक हाताशी ठेवूनच फोन लावावा. नेटवर्क जाते-येते अशा गावांत ही पूर्वतयारी विशेष महत्त्वाची आहे, कारण फोन मध्येच तुटला तर सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.

या हेल्पलाइनकडून काय अपेक्षा ठेवावी, हे नीट समजून घ्यावे. ती न्यायालय नाही. कंपनीला आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. ती तक्रार कंपनीच्या संबंधित विभागाकडे पाठवते आणि उत्तर मागते. ज्या मोठ्या कंपन्या या व्यवस्थेशी जोडलेल्या आहेत त्यांच्या बाबतीत एवढ्यानेही काम होऊ शकते. पत्ता नसलेल्या फिरत्या विक्रेत्याच्या बाबतीत मात्र हेल्पलाइनपाशी पाठवायला ठिकाणच नसते, आणि तेथे पहिल्या पायरीवरचा आळस नडतो.

एखादा मंच कोणाही ग्राहकाला संपर्काचा तपशील देत नसेल, तर तो प्रश्न एकट्या ग्राहकाचा राहत नाही. अशा वेळी अधिनियमाच्या कलम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात इतर कामानिमित्त जाणे होतेच; अर्ज आवक विभागात देऊन प्रतीवर शिक्का घ्यावा. खोक्यावर तक्रारीचा पत्ता छापलेला नसल्यास ती बाब वैध मापन शास्त्र (वजनमापे) विभागाच्या जिल्ह्यातील निरीक्षकाकडे मांडावी. बँक किंवा कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेविषयीची तक्रार आधी त्या संस्थेकडे करावी आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे न्यावी. तिचा मार्ग वेगळा आहे.

सहावी पायरी: जिल्हा ग्राहक आयोग

आयोग म्हटले की वकील, खर्च आणि हेलपाटे डोळ्यांपुढे येतात, आणि हजार-पंधराशेच्या वस्तूसाठी कोण एवढे करील, असे वाटते. हजार-पंधराशेसाठी ते कदाचित करूही नये, हा ज्याच्या त्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. पण पंधरा-वीस हजारांचे यंत्र असेल, किंवा निकृष्ट बियाण्यामुळे हंगाम वाया गेला असेल, तर ही वाट सोडू नये. २०१९ च्या कायद्याने ती बरीच सुकर केली आहे. पूर्वी कंपनी जेथे असेल तेथे जावे लागेल अशी भीती असे; आता ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते. कंपनी बंगळूरूची असो की गुरुग्रामची, यवतमाळच्या ग्राहकाला यवतमाळलाच दाद मागता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क लागत नाही. वकील नेमलाच पाहिजे असे नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत प्रकरण दाखल झाले पाहिजे.

धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली गाठायचे म्हणजे एक दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. यासाठी ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे, आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने घ्यावी अशी विनंती आयोगाला करता येते. ती मान्य करायची की नाही हे आयोग ठरवतो.

तक्रारीत विक्रेता आणि मंच या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. केवळ विक्रेत्याला केले आणि त्याचा पत्ता खोटा निघाला, तर प्रकरण नोटिशीपाशीच अडते. केवळ मंचाला केले तर ‘आम्ही फक्त मध्यस्थ आहोत’ असा बचाव हमखास येतो. विक्रेत्याचा तपशील लेखी मागूनही मंचाने दिला नाही, हे चौथ्या पायरीवरच्या पत्रावरून दाखवता आले, तर त्या बचावाचे वजन कमी होते. ते पत्र आळस न करता लिहावे असे वर सुचवले आहे, ते याचसाठी.

आपणच विक्रेते असाल तर

विदर्भातील अनेक बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आता भिवापुरी मिरची, वायगावची हळद, तूरडाळ, मोहाचे पदार्थ ऑनलाइन विकू लागल्या आहेत. हे बंधन मोठ्या कंपन्यांचेच आहे, असा समज त्यांच्यात आढळतो. तो बरोबर नाही. मोठ्या मंचावरून विकत असाल तर सहाव्या नियमाखालील विक्रेत्याची कर्तव्ये तुमच्यावर येतात, आणि स्वतःचे संकेतस्थळ काढले तर मंच चालवणाऱ्याचीही येतात. अट जाचक नाही. गटाचे नोंदलेले नाव, गाव, डाकघर, तालुका, जिल्हा व पिन कोड असा पूर्ण पत्ता, एक ई-मेल, एक चालू मोबाइल क्रमांक आणि तक्रारी पाहणाऱ्या सदस्याचे नाव व हुद्दा, एवढे संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर आणि पाकिटाच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात असावे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर अन्न सुरक्षा क्रमांकही लागतो.

तक्रारींसाठी अध्यक्षांचा घरचा क्रमांक देण्याचा मोह होतो, पण पदाधिकारी बदलले की तो क्रमांक निरुपयोगी ठरतो आणि छापलेली पाकिटे मात्र बाजारात फिरत राहतात. गटाच्या नावाने वेगळे सिमकार्ड घ्यावे आणि त्याचा रिचार्ज वेळेवर करण्याची जबाबदारी ठरावात नोंदवावी. आलेली प्रत्येक तक्रार तारखेसह एका वहीत लिहावी, ४८ तासांत पोच देणारा संदेश पाठवावा आणि महिन्याच्या आत काय केले ते त्याच पानावर नोंदवावे. तक्रार पाहणारी सदस्य बाळंतपणासाठी माहेरी गेली किंवा निंदणीच्या दिवसांत तिला सवड नसली, तर तिच्या जागी कोण, हेही आधीच ठरवून संकेतस्थळावरचे नाव त्याच दिवशी बदलावे.